आजोबांचा घडीचा चाकू कपाटात सापडलाय? मग हे वाचा

आमच्या आजोबांच्या बंडीच्या खिशात कायम तीन गोष्टी असायच्या. तंबाखूची चंची, गुंडाळलेला सुंभाचा तुकडा आणि एक घडीचा चाकू. चाकू केवढा, तर मिटला की माझ्या मधल्या बोटाएवढा, पातं अर्धा इंच रुंद, मूठ शिशवी लाकडाची आणि तिला पितळेचे दोन रिबीट. आजोबा गेल्यावर भांडी-कुंडी, जमिनीचे कागद सगळ्यांनी विचारले, चाकू कुणीच विचारला नाही म्हणून तो माझ्याकडे आला. आला आणि मी पहिल्याच महिन्यात त्याची वाट लावली, कशी ते पुढे सांगतो, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

खूप जणांच्या घरात असा चाकू असतो. ट्रंकेत, देवघराच्या खणात, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधे वगैरे. गंजलेला, अर्धवट उघडणारा. लोक म्हणतात आठवण आहे, राहू दे. मला विचाराल तर शोकेसमधे ठेवलेल्या चाकूपेक्षा रोज आंबा कापणारा चाकू बरा. तर तो परत कामाला कसा लावायचा ते एकेक करून सांगतो. ज्यांनी आयुष्यात कधी धार लावलेली नाही त्यांच्यासाठीच आहे हे, जाणकारांनी सोडून दिलं तरी चालेल.

पहिलं काम : काहीही न करता नुसतं बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. चाकू मिळाल्या मिळाल्या लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नका. उजेडात घ्या, नखाची खाच असते पात्यावर, तिथे नख घालून हळू उघडा. उघडत नसेल तर पक्कड लावून ओढू नका, पातं तुटेल नाहीतर सटकून हातात जाईल, त्यावर उपाय पुढे आहे.

उघडल्यावर तीन गोष्टी तपासा.

एक, पातं कुठल्या पोलादाचं. जुने चाकू बहुतेक साध्या कार्बन पोलादाचे असतात, त्यांच्यावर काळसर-निळसर छटा दिसते. स्टेनलेसमधे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं म्हणून ते चकचकीत राहतं आणि सहसा गंजत नाही. कार्बनवालं गंजतं, पण धार लावायला मऊसूत आणि धार येते ती पण जबरदस्त. तर काळं पडलंय म्हणून नाक मुरडू नका. काळा डाग आणि लाल गंज यात फरक आहे. कैरी, लिंबू, कांदा कापून जो काळेपणा येतो तो पात्याचं उलट रक्षणच करतो. बोटाला लागतो, खरवडला की पावडर पडते, तो लाल गंज. लाल तेवढा काढायचा, काळा राहू द्यायचा.

दोन, मूठ कशाची. लाकूड, शिंग, पितळ, प्लास्टिक काहीही असू शकतं. शिंगाची असेल तर पाण्यात भिजवायची नाही, पापुद्रे सुटतात. हस्तिदंती किंवा सांबरशिंगाची असेल तर विकायच्या भानगडीत पडूच नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्याचा व्यापार चालत नाही.

तीन, आणि इथेच मी मार खाल्ला. धार एका बाजूने आहे की दोन्ही बाजूंनी ते बघा. पातं डोळ्यासमोर टोकाकडून धरा. स्वयंपाकघरातल्या चाकूला सहसा दोन्हीकडून उतार असतो. कलमं बांधायच्या बऱ्याच चाकूंना मात्र एकाच बाजूला उतार आणि दुसरी बाजू आरशासारखी सपाट असते, कारण फांदीला काप सरळ आणि सपाट पडायला लागतो. आमचे आजोबा राजापूरकडचे, पावसाळ्यात अख्ख्या वाडीची आंब्याची कलमं बांधायचे, तो चाकू त्यासाठीचा होता. मला कुठे माहीत. मी दोन्हीकडून मस्त घासला, इतका घासला की दाढी होईल अशी धार आली, आणि गावी काकाला कौतुकाने दाखवायला घेऊन गेलो तर त्याने पातं उन्हात धरून बघितलं, काही बोलला नाही, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आता भाजी चिर यानं." ती सपाट बाजू परत आणायला मला दोन पावसाळे लागले.

गंज काढणं आणि सांधा मोकळा करणं

पातं हलत नसेल तर रॉकेल. हल्ली रॉकेल सहज मिळत नाही, मग डिझेल चालतं किंवा हार्डवेअरच्या दुकानातला डब्ल्यूडी-४० चा स्प्रे. सांध्यात चार थेंब, रात्रभर ठेवायचं, सकाळी हळूहळू उघड-मीट करायची. काळं घाणेरडं पाणी बाहेर येतं, ते फडक्याने पुसायचं, परत थेंब. तीन-चार वेळा केलं की बहुतेक वेळा सुटतो. आमच्या चाकूच्या मुठीतल्या खाचेतून (पातं मिटल्यावर जिथे बसतं ती) तर तंबाखूची पूड निघाली, तिचा वाससुद्धा येत होता अजून. अशा वेळी पाच मिनिटं काम थांबतं, साहजिक आहे.

खाचेतली घाण काढायला लोखंडी तार घालू नका, दातकोरणं किंवा खराट्याची काडी बेस्ट.

पात्यावरच्या लाल गंजाला अर्धं लिंबू आणि मीठ. चोळायचं, पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, कारण आम्ल गंज खातं तसं चांगलं पोलादही खातं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं, साध्या पाण्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं, लगेच म्हणजे लगेच, चहा घेऊन येतो म्हणालात तर परत येईस्तोवर नवा गंज आलेला असतो. राहिलेल्या ठिपक्यांना अगदी बारीक पॉलिश पेपर, हजार नंबरच्या वरचा, थोडं तेल लावून. पात्यावर कारखान्याचा शिक्का किंवा नाव असेल तर तिथे पेपर अजिबात फिरवू नका. इंग्लंडातल्या शेफिल्डचे चाकू ब्रिटिश काळात इकडे भरपूर आले, तिथल्या रॉजर्स कंपनीच्या चाकूवर चांदणी आणि क्रॉस असा शिक्का असतो, असं काही दिसलं तर जरा जपूनच.

ड्रिल मशीनला ब्रश लावून चकाचक करणारे व्हिडिओ दिसतात ना, बघायला मजा येते, करू नका.

धार : इथे घाई नको

आधी काय करायचं नाही ते. सायकलवर चाक लावून धार लावणारे दारावर येतात, विळी-कात्रीसाठी ठीक आहेत, पण छोट्या पातळ पात्यासाठी नको. आणि इलेक्ट्रिक ग्राइंडर तर नकोच नको. कारण असं, की पोलाद तापवून, विझवून, परत थोडं तापवून त्याला कडकपणा आणलेला असतो. ग्राइंडरवर ठिणग्या उडतात तेव्हा पात्याची बारीक कड क्षणात दोन-अडीचशे डिग्रीच्या वर जाते, आधी पिवळसर आणि मग निळी होते, आणि निळी झाली की तिथला कडकपणा गेला. त्यानंतर कितीही धार लावा, दोन दिवसांत बोथट. माझा एक दुसरा चाकू असाच गेला, टोकाला अजून निळा डाग आहे.

लागणारं सामान : दोन्ही बाजू असलेला एक दगड, एका बाजूला ४०० नंबर (खरखरीत) आणि दुसऱ्या बाजूला १००० नंबर (बारीक). बस. हजारभर रुपयांच्या आत येतो. दगड पाण्याचा असेल तर १०-१५ मिनिटं बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. तेलाचा असेल तर वर तेल. एकदा तेल लावलेल्या दगडावर नंतर पाणी चालत नाही, म्हणून काय ते आधी ठरवा.

आणि दगडही घ्यायचा नसेल तर चिनी मातीची लोणच्याची बरणी उलटी करा. बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली गोल कड असते ना, तिच्यावर आमची आजी रोज विळीचं पातं नाही पण भाजीचा चाकू दोनदा ओढायची. जुन्या जाड कपाच्या बुडावरही होतं. पार बोथट चाकूला याने धार येणार नाही, पण थोडी उतरलेली धार नक्की परत येते. पाट्यावर मात्र घासू नका, तो टाकी लावलेला असतो, धारेचे दात पडतात.

आता कोन. सगळे नवशिके इथेच अडकतात. १५ ते २० अंश म्हणतात, पण हातात चाकू घेतल्यावर अंश कुठून मोजणार. सोपी युक्ती : पातं अर्धा इंच रुंद असेल तर त्याच्या पाठीखाली दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण साडेतीन मिलिमीटर उंची होते आणि कोन बरोबर १६ च्या आसपास येतो. ती उंची हाताला कळली की नाणी काढून घ्या. दुसरी युक्ती, काळ्या मार्करने धारेच्या उतारावर रेघ मारा आणि दगडावर दोनदाच ओढा. रंग फक्त वरून गेला तर पाठ जास्त खाली, फक्त कडेवरून गेला तर पाठ जास्त वर, सगळा सारखा गेला तर जमलं. मार्करची युक्ती मी शाळेत गणिताच्या सरांनी शिकवलेल्या सगळ्या कोनांपेक्षा जास्त वापरलीये.

मग ओढायचं. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. आधी ४०० वर, एकच बाजू, हलका दाब, मुठीकडून टोकाकडे. किती वेळा असं विचारू नका, आकडा नसतो. दुसऱ्या बाजूला बोट हळूच आडवं (आडवं! धारेच्या लांबीने नाही) फिरवून बघा, बारीक तारेसारखी खरखर लागली की त्या बाजूचं काम झालं. ती तार मुठीपासून टोकापर्यंत लागायला हवी. मग बाजू पलटा. मग १००० वर हेच, दाब आणखी हलका. शेवटी कमरेचा चामड्याचा जुना पट्टा घ्या, आतली खरखरीत बाजू वर, आणि धार मागे राहील असं उलटं ओढा, जसं जुने न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढायचे तसं. दहा-पंधरा वेळा. तार गळून जाते.

एकाच बाजूला उतार असलेला कलमाचा चाकू असेल तर वरचं सगळं फक्त उताराच्या बाजूला, आणि त्याला नाणी नको, आहे तोच उतार दगडावर टेकवा. सपाट बाजू शेवटी दगडावर पूर्ण आडवी ठेवून दोन-तीनदा ओढायची, तार काढण्यापुरती. पाठ केसभरही उचलायची नाही. मी उचलली होती.

परीक्षा घ्यायची असेल तर वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा, नाहीतर पिकलेला टोमॅटो, दाब न देता नुसत्या वजनाने साल तुटली पाहिजे. अंगठ्यावर करू नका, हिरोगिरी आहे ती.

तेल

सांध्याला शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. पात्याला, खायचं कापणार असाल तर, मेडिकलमधे मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम, वास नाही, खराब होत नाही. खोबरेल चालतं पण रोज वापरणार असाल तरच, पडून राहिलं तर खवट होतं. जवसाचं तेल पात्याला नको, ते वाळून चिकट होतं, पण लाकडी मुठीला तेच एक नंबर, पातळ हात द्यायचा आणि दोन दिवस वाळवायचं. कोकणात पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी पुसा. चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

उघडणं, मिटणं, देणं

जुन्या घडीच्या चाकूला बहुतेक लॉक नसतो, मागे नुसती एक पट्टीची स्प्रिंग असते, तिच्या जोरावर पातं उभं राहतं. म्हणजे टोकाने काही भोसकायला गेलात की पातं मिटून तुमच्याच बोटांवर येणार. टोक रोवून फिरवायचं नाही, डबा उघडायचा नाही, स्क्रू पिळायचा नाही. जी काही कापाकापी ती ओढून. मिटताना पाठीवर तळहात, बोटं खाचेच्या बाहेर.

आणि दुसऱ्याला देताना हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, त्याने उचलायचा. आजी म्हणायची हातात दिलं की भांडण होतं. भांडणाचं माहीत नाही, पण टाके नक्कीच पडत नाहीत.

कापलंच तर साबण-पाण्याने धुवून दाबून धरा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो, त्यामुळे चाकू चकाचक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, विशेषतः बागेत काम करताना.

मुलांना द्यावा का? मी दिला, पुतणीला नऊ वर्षांची असताना, शेजारी बसून, फक्त पेन्सिल तासायला. शार्पनरपेक्षा टोक वाकडं होतं पण तिला पेन्सिल म्हणजे लाकूड असतं हे तेव्हा कळलं. बोथट चाकू मुलांना "सेफ" म्हणून देऊ नका, बोथटाला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की सटकतो.

खिशात घेऊन फिरायचं तर

शस्त्र नियमांमधे ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची, घरकाम-शेतीकामासाठी नसलेली हत्यारं येतात, त्यामुळे तीन इंची फळं कापायचा चाकू त्यात बसत नाही. पण सण, निवडणुका, मोर्चे असताना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकू बाळगायलाही बंदी असते, तेव्हा घरी ठेवा. बटण दाबल्यावर खटकन उघडणारे घेऊच नका, पोलिसांना समजावत बसाल. मेट्रो, कोर्ट, मॉल सगळीकडे तपासणी असते. विमानात केबिनच्या बॅगेत चालत नाही, खाली जाणाऱ्या सामानात टाकायचा. मी एकदा विसरलो, सिक्युरिटीच्या रांगेत लक्षात आलं, परत बाहेर पळत जाऊन सोडायला आलेल्या मावसभावाच्या हातात (हो, हातात, खाली ठेवायला वेळ नव्हता) कोंबला, आणि विमान थोडक्यात मिळालं.

आजोबांचा नसेलच तर

नवा घ्या, काही बिघडत नाही. फ्रान्सच्या सॅव्हॉय (Savoie) प्रांतात जोझेफ ओपिनेलने १८९० मधे लाकडी मुठीचा शेतकऱ्यांसाठीचा चाकू बनवला, तो आजही जवळपास तसाच मिळतो, फक्त १९५५ पासून त्याला फिरवायची लॉकची कडी आली. आठ नंबरचा घ्या, पातं साडेआठ सेंटिमीटर. दमट हवेत त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं अडकतं, मुंबई-कोकणवाल्यांनी तेवढं लक्षात ठेवा. स्विस लाल चाकू सगळ्यांना माहीत आहे, त्याच कंपनीचे चाकू १८९१ पासून स्विस सैन्याला जातायत, त्यातलाही दोन-तीन पात्यांचाच घ्या, वीस अवजारांचा घेऊन खिसा फाटतो आणि वापर होतो तो एका पात्याचा आणि कात्रीचा. किंवा आठवडी बाजारात लोहार बसतात त्यांच्याकडचा साधा चाकू, थोडा ओबडधोबड असतो पण शिकायला तोच चांगला, बिघडला तरी जीव जळत नाही. मी शिकायला हवं होतं ते त्याच्यावर.

पहिलं खरं काम : एक कोय कलम बांधून बघा

धार जमली की नाही याची याहून मोठी परीक्षा नाही. आणि अवजार म्हणाल तर लागतो फक्त चाकू आणि प्लास्टिकची पट्टी, एवढ्या दोन वस्तूंवर हापूसच्या बागा उभ्या आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात (१९७२ चं) याचं शिक्षणही मिळतं, जवळ असाल तर जाऊन बघा.

जून-जुलैमधे आंब्याच्या कोयी रेती-शेणखताच्या वाफ्यात लावा. रोप आलं की पानं तांबूस कोवळी असतानाच, साधारण दोन-अडीच आठवड्यांचं रोप कोयीसकट उचला. कलमकाडी (रोपावर जोडायची डहाळी) हव्या त्या झाडाची, तीन-चार महिन्यांची, रोपाइतक्याच जाडीची, १० ते १५ सेंटिमीटर. त्या काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापून ठेवा, म्हणजे डोळा फुगतो.

रोप कोयीपासून ६ ते ८ सेंटिमीटरवर आडवं कापा. मधोमध उभी चीर, ३ ते ४ सेंटिमीटर. काडीच्या खालच्या टोकाला दोन्हीकडून तेवढ्याच लांबीचे तिरके काप देऊन पाचर करा. एकेक काप एकाच ओढीत, करवतीसारखं मागे-पुढे केलंत तर काप खडबडीत होतो, जोडात हवा राहते आणि वाळतं. कापलेल्या जागी बोट लावू नका. पाचर चिरेत बसवा, सालीला साल निदान एका बाजूने तरी तंतोतंत भिडली पाहिजे, कारण सालीखालचा हिरवा थरच जुळून येतो, मधलं लाकूड नाही. मग पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा आणि पिशवीत लावून सावलीत ठेवा.

माझी पहिली दहापैकी दोन जगली, तेव्हा चाकू दोन्हीकडून घासलेला होता. सपाट बाजू परत आल्यावर दहातली सात. काका अजून म्हणतो की आजोबांची नऊ जगायची.

दोन-तीन आठवड्यांत काडीला वरून कोंब फुटतो. जोडाच्या खालून, म्हणजे मूळ रोपातून फुटवे आले तर ते लगेच काढायचे, नाहीतर कलम मरतं आणि रायवळ (कोयीतून आलेला साधा आंबा) वाढतो. त्याला चाकू नको, नखाने खुडले तरी होतं.